जुन्या ओवीवरून गुप्त दार शोधायचे आहे : माझी ओवी कितपत टिकेल?

लष्करवासिनी (ग्वाल्हेर)

नमस्कार. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकातील बालविभागासाठी मी एक दीर्घ साहसकथा लिहीत असून, तिच्या मुख्य धाग्याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. कथेतील चार चुलत भावंडे ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील एका जुन्या मराठी कुटुंबातली आहेत. घरातील जुन्या चोपड्यांत त्यांना एक ओवी सापडते, आणि तिच्या आधाराने ती किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या एका खंडोबाच्या देवळामागचे गुप्त दार शोधून काढतात. देऊळ आणि वाडा दोन्ही काल्पनिक आहेत. काळ मात्र खरा ठेवला आहे. १८५८ च्या जूनच्या पहिल्या दिवशी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची बहुतेक फौज तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेबांच्या बाजूस गेली, महाराज व दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याकडे निघाले, आणि त्या गोंधळात एका सरदाराच्या कारकुनाने देवाचे दागिने आणि काही कागद लपवून ठेवले, अशी कल्पना आहे. ठिकाण विसरले जाऊ नये म्हणून त्याने चार ओळी रचल्या. त्या मी पुढीलप्रमाणे लिहिल्या आहेत :

रामजन्माच्या मध्यान्ही उभी राहे दीपमाळ,
सावलीच्या टोकापासून नऊ हात मोजी बाळ;
शिळेला जिथे शिळा मिळे, गार वारा जिथे लागे,
दार तिथे उघडे त्याला, ज्याचे पूर्वज होते जागे.

मला तीन शंका आहेत. रामनवमीच्या दुपारची सावली दरवर्षी एकाच जागी पडते का? पडत नसेल, तर सारा डोलाराच कोसळतो. त्या काळचा कारकून अशा ओळी लिहील का? आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणाच्याही नजरेस न पडलेले दार नेमके कसे असावे, म्हणजे ते चार मुलांना उघडता येईल आणि तरीही वाचकाला खोटे वाटणार नाही? अंकाच्या वाचकांत सेवानिवृत्त अभियंते आणि शिक्षक बरेच असल्यामुळे चूक झाल्यास पत्रे येतील, याची मला खात्री आहे.

शंकुछाया (उज्जैन)

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे : पडत नाही. रामनवमी ही तिथी आहे, ती चंद्रावर चालते. सावली चालते सूर्यावर. रामनवमी २०२३ मध्ये ३० मार्चला, २०२४ मध्ये १७ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ६ एप्रिलला आली. आपली दीपमाळ वीस हात, म्हणजे अदमासे तीस फूट उंच धरली, तर ग्वाल्हेरात ऐन मध्यान्ही तिची सावली पहिल्या वर्षी सव्वाआठ हात, दुसऱ्या वर्षी साडेपाच हातांहून थोडी अधिक आणि तिसऱ्या वर्षी सव्वासात हातांच्या आसपास भरेल. पावणेतीन हातांचा हा फरक सोडून देण्याजोगा नाही. टोकापासून पुढे नऊ हात मोजायला सांगितले, तर मुले प्रत्येक वर्षी वेगळ्याच फरशीवर जाऊन उभी राहतील.

पण येथे एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस, सव्वीस अंशांहून थोड्या वरच्या अक्षांशावर असल्यामुळे तेथे सूर्य कधीच अगदी डोक्यावर येत नाही. जूनच्या २१ तारखेसही वीस हातांच्या दीपमाळेची एक हातभर सावली उरतेच, डिसेंबरच्या २२ तारखेस ती साडेतेवीस हातांपर्यंत जाते, आणि वर्षातील प्रत्येक मध्यान्ही ती नेमकी उत्तरेकडे पडते. इंदूरकरांना किंवा बडोदेकरांना ही सोय नाही. त्यांच्याकडे जूनच्या सुरुवातीस आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एकेक दिवस सावली नाहीशी होते, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती दक्षिणेला पडते. तात्पर्य, ग्वाल्हेरच्या ओवीत सावलीची लांबी विश्वासार्ह नाही, दिशा मात्र आहे. ओवी लांबीवरून काढून दिशेवर बांधावी, असे मी सुचवेन.

दुसरी अडचण घड्याळाची आहे, आणि मला वाटते तिच्यात आपल्या कथेचे एक चांगले प्रकरण दडलेले आहे. आजच्या घरांत रामजन्म घड्याळात बारा वाजता होतो. परंतु आपली प्रमाणवेळ १९०६ पासूनची असून ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे, तर ग्वाल्हेर अठ्ठ्याहत्तर अंशांच्या थोडे पलीकडे आहे. त्यामुळे मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये ग्वाल्हेरातील खरी मध्यान्ह बारा वाजून सतरा ते बावीस मिनिटांच्या दरम्यान होते. १८५८ च्या कारकुनाला प्रमाणवेळ ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची मध्यान्ह सूर्याची होती. वीस मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात, पण सूर्य इतका उंच असताना तेवढ्या वेळात सावली सुमारे पंधरा अंश फिरते. बाराच्या ठोक्याला खूण करणारी मुले खऱ्या रेषेच्या पश्चिमेला खूण करतील आणि तेथे त्यांना काहीच मिळणार नाही.

खरी मध्यान्ह शोधण्यास घड्याळ लागतच नाही. बाराच्या बऱ्याच आधीपासून सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खडा ठेवत जावे. जो खडा बुंध्याच्या सर्वांत जवळ, ती मध्यान्ह. तीस फूट उंचीवरच्या टोकाची सावली रेखीव पडत नाही, तिच्या कडेला चार-पाच बोटांची धूसर पट्टी असते, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या भावंडांपैकी एखादीने वहीच्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून तो त्या धूसर पट्टीच्या वर धरला, तर भोकातून सूर्याचे लहानसे बिंब खाली पडते आणि दीपमाळेचा कळस त्या बिंबावर काळा उमटतो. उज्जैनच्या वेधशाळेची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने झाली, उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होते, आणि तेथील शंकुयंत्र सावलीवरच चालते. भावंडांना एखाद्या रविवारी तेथे पाठविल्यास हे सर्व त्यांना शिकविण्यासाठी वेगळे पात्र आणावे लागणार नाही.

मोडीचा विद्यार्थी (पुणे, मूळचा ग्वाल्हेरचा)

ताई, सावलीचे वर आलेच आहे, म्हणून मी ओळींकडे वळतो. स्पष्ट बोलतो, राग नसावा. चौथी ओळ चित्रपटातली आहे. १८५८ च्या जूनमध्ये, किल्ला हातचा गेलेला असताना, आपल्या धन्याचा ऐवज लपविणारा कारकून पूर्वजांच्या जागेपणाविषयी लिहीत बसणार नाही. तो घाईत असेल, मोजके लिहील, आणि मुख्य म्हणजे सगळे लिहिणार नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जुन्या काळी ऐवजाची खूण सांगणाऱ्या लेखाला आपल्याकडे बीजक म्हणत, आणि ज्याच्या हाती ते पडेल त्या कोणासही खजिना मिळावा, हा त्याचा हेतू कधीच नव्हता. ज्याला अर्धे आधीच ठाऊक आहे, त्याच्या आठवणीला आधार देण्यापुरतेच ते असे. ग्वाल्हेरच्या गंगाजळीची, म्हणजे शिंद्यांच्या राखीव खजिन्याची, गोष्ट आपल्या सर्वांच्या घरांत सांगितली जाते. किल्ल्यातील तळघरांचे बीजक बापाने मुलालाच सांगायचे, असा रिवाज होता म्हणतात. किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. झाशीच्या मोबदल्यात तो १८८६ मध्ये परत मिळाला, आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. त्यांचे पुत्र माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचे राहून गेले आणि पुढे तळघर कसे उघडले याच्या निरनिराळ्या हकिकती प्रत्येक घरात निराळ्या ऐकायला मिळतात. त्यांतली कोणती खरी, या वादात मी पडत नाही. दरबाराच्या खजिन्यातून १८८७ साली हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपये कर्जाऊ दिले गेले, यावरून गंगाजळीचा आवाका लक्षात येतो. आपल्या कथेला येथून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की ओवीत एक दुवा मुद्दाम गाळलेला असावा, आणि तो गाळलेला दुवा कुटुंबातल्या कोणाच्या तरी सवयीत, बोलण्यात किंवा कुळाचारात शिल्लक असावा. आजी दर रामनवमीला देवळामागे जाऊन कशाला तरी हळदकुंकू वाहते, आणि का वाहते ते तिला सांगता येत नाही, एवढे पुरे.

आता रूपाविषयी. आपण चार समान ओळींचे पद्य केले आहे; त्याऐवजी साडेतीन चरणांची ओवी घ्यावी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि सुटा. पोथ्या ऐकून वाढलेल्या कारकुनाच्या हातून तीच आपोआप उतरेल, भाषाही त्याच्या रोजच्या बोलण्याची न येता पोथीची येईल. अंक द्यायचा असेल, तर तो शिलालेखांच्या रीतीने शब्दांत लपविता येतो, म्हणजे वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋषी म्हणजे सात, वसू म्हणजे आठ. परंतु अलीकडच्या रहस्यकथांत ही युक्ती इतकी झाली आहे, की मी ती टाळेन.

ओवी कोठे सापडते, तेही पाहावे. स्वतंत्र कागदावर, लाल शाईत, लाखेच्या मोहरेखाली ती ठेवू नये. देवळाच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, दीपमाळेस तेल, वाती, पुजाऱ्याचा शिधा अशा नोंदींच्या ओळीत ती मोडीत लिहिलेली असू द्यावी. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घ वेगळे दाखवत नाहीत. त्यामुळे तेलाच्या हिशेबात बसलेली ओवी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या लक्षात आली नाही, हे सहज पटते. मुलांना ती स्वतः वाचता येणार नाही, हेही बरेच आहे. शेजारच्या एखाद्या आजोबांकडे जावे लागेल, आणि आजोबा ती पहिल्यांदा तेलाच्या मापाची नोंद म्हणूनच वाचतील.

गूढ अक्षरांचा मोह मात्र आवरावा. बिहारमधील राजगीरच्या सोनभांडार लेण्यातील लेख वाचता आला तर खजिन्याचे दार उघडेल, असे तेथील लोक फार काळ मानत आले. लेख वाचला गेला, तेव्हा वैरदेव नावाच्या जैन मुनींनी तपस्व्यांसाठी ही लेणी करविली, एवढाच मजकूर निघाला.

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

मी एवढेच विचारतो, की या मुलांना आधी कोणालाच काही विचारावेसे का वाटत नाही? सावल्या, अक्षांश, मोडी हे सगळे ठीक आहे, पण या किल्ल्याचा खरा इतिहास पाहा. १७८० च्या ऑगस्टमध्ये किल्ला महादजींच्या शिबंदीकडे असताना कॅप्टन पोफमच्या तुकडीने तो एका रात्रीत शिड्या लावून घेतला. वर चढण्याची वाट इंग्रजांनी नकाशावरून शोधली नव्हती. रात्री कड्यावरून ये-जा करणाऱ्या चोरट्यांनी ती दाखविली होती. आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे घातले होते, ही हकिकत मुलांना नक्की आवडेल.

या डोंगराच्या प्रत्येक कपारीची माहिती शेळ्या राखणाऱ्यांना असते. पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या मुलीला पाचवे पात्र करा. ओवी या चौघांच्या घरची असेल, पण गार वारा कोठून येतो, हे त्या मुलीलाच ठाऊक असेल. नाही तर सरदारघराण्यातल्या चार हुशार मुलांनी पुस्तकी ज्ञानाच्या जोरावर सारे जिंकले, अशी कथा होईल, आणि तशा कथा आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत.

चुनेगच्ची (बडोदे)

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे मी करतो, त्यामुळे तिसऱ्या शंकेवर थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम वजनाचे पाहू. तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच जाड अशी वालुकाश्माची फरशी सव्वाशे किलोच्या पुढे भरते. ती जमिनीत बसलेली असेल, सांध्यांत चुना असेल आणि त्यावर दीडशे पावसाळ्यांची माती बसली असेल, तर चार मुलेच काय, पहार घेतलेले दोन गडीही ती एका दमात उचलणार नाहीत. एखादी कळ दाबली आणि शिळा आपोआप सरकली, हे तर विसरूनच जावे. लोखंड गंजते, लाकूड वाळवी खाते. शिल्लक राहते ते दगडाच्या खोबणीत दगडाच्याच खुंटावर फिरणारे दाराचे पान. त्याचाही खालचा खुंट गाळाने धरतो, म्हणून ते जमिनीलगत नसावे.

दुसरे म्हणजे, गुप्त दार लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी उघड्यावर असूनही दिसले नाही, हे फारसे पटत नाही. देवळामागच्या फरशीवर रोज कोणी तरी झाडू मारतो. वाड्यांत अशा जागा जिन्याखाली, देवघराच्या मागच्या दुहेरी भिंतीत किंवा विहिरीत आढळतात. पन्हाळ्याची अंधारबाव आठवावी. तिच्या पोटातच मजले आहेत आणि बाहेर पडण्याची वाटही. म्हणून माझी सूचना अशी, की आपले दार विहिरीत असावे.

विहीर घेतली, की रामनवमीचे गणितही निराळे सुटते. कारकुनाने ऐवज ठेवला तो जूनच्या आरंभी, मृगाच्या आधी, म्हणजे पाणी वर्षातले सर्वांत खाली गेलेले असताना. तेव्हा उघडा पडलेला कोनाडा त्याला दिसला, आत शिरता आले. पाऊस पडल्यावर पाणी चढले आणि दार बुडाले; यापेक्षा चांगला पहारेकरी त्याला कोठे मिळणार होता? आता त्याला घरच्यांसाठी अशी खूण हवी, की पाणी उतरत आलेले असेल, विसरणार नाही असा सण असेल आणि भर दुपारी देवळात गर्दी असल्याने मागच्या बाजूला कोणी नसेल. चैत्रातली नवमी तिन्ही अटी पुऱ्या करते. सावली कोणत्या बाजूने उतरायचे तेवढेच सांगते. दिवस पाण्यासाठी आहे. मुलांना हे अर्ध्या कथेपर्यंत कळू नये, असे मला वाटते.

विहीर गोल, चिरेबंदी असावी आणि तिच्या आतल्या अंगाला भिंतीतून पुढे काढलेल्या एकेका दगडाच्या पायऱ्या असाव्यात. अशा पायऱ्या कठड्याखाली एका ठरावीक जागी सुरू होतात आणि भिंतीला वळसा घालत उतरतात. चुकीच्या दगडापासून मोजले, तर चुकीच्या दगडाशी पोचणार. बरोबर दगडाशी आल्यावर काय दिसावे? इतर सर्व थरांत चिऱ्यांचे सांधे एकाआड एक येतात, कारण गवंडी सांध्यावर सांधा कधी येऊ देत नाही. त्या एका जागी मात्र तीन थरांचे सांधे उभ्या सरळ रेषेत आलेले असतील. कसबी गवंड्याच्या हातचे काम असूनही सांधे असे आले, तर तेथे भिंत नसून पान आहे. हे मुलांनाही बोट ठेवून दाखविता येते. तेथे चुना नसेल, शेवाळ्याची रेघ असेल, आणि कान लावल्यास आतून वाऱ्याची हलकी ओढ जाणवेल. आत हवा खेळती ठेवण्याचे तंत्र ग्वाल्हेरला नवे नाही. किल्ल्यावरील मानमंदिर या महालाच्या जमिनीखालच्या मजल्यांत हवेसाठी भिंतीतून काढलेल्या नळ्या आजही पाहता येतात.

एक विनंती कळकळीची आहे. मुलांना एकट्याने विहिरीत उतरवू नका, कथेतही नको. बंद विहिरीत आणि तळघरात जड दूषित वायू खाली साचतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत आहे, पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे नेहमी नसते. काही विषारी वायू दिव्याला कळत नाहीत. कमरेला दोर, वर दोन मोठी माणसे आणि पान उघडल्यावर पुरेसा वेळ थांबणे, एवढे कथेत यावे. त्या थांबण्याने उत्सुकता वाढेलच.

लष्करवासिनी (ग्वाल्हेर)

आपणा सर्वांची मी आभारी आहे. कथेचा आराखडा आता पुष्कळ बदलला. शेळ्या राखणारी मुलगी येणार, आणि ओवीत विहिरीचे नाव येणार नाही. कारण ती विहीर बुजली असे घरात सगळे समजतात, कठड्यावर घाणेरीचे रान माजले आहे, आणि त्या रानाच्या कडेला हळदकुंकू वाहणाऱ्या आजीलाही आत विहीर असल्याचे माहीत नाही. कठडा दाखविणार ती शेळ्यांची मुलगी. नवी ओवी अशी :

रामजन्माचिये काळीं । छाया पडे जिये पाळीं ।
तेथोनि सप्त पाउलीं । उतरावें ॥

पाळ म्हणजे डोंगराची कड असे समजून मुले पहिल्या वर्षी उतारावर सात पावले मोजतील आणि काटेकुटे घेऊन परत येतील. दुसऱ्या रामनवमीला त्यांना विहिरीची पाळ सापडेल, पण ती बाराच्या ठोक्याला खूण करतील. पहिल्या प्रतिसादातील खडे आणि पुठ्ठा त्यानंतर येईल. एक विचारायचे राहिले : दीपमाळ विहिरीपासून किती अंतरावर ठेवू, म्हणजे तिथी मागेपुढे झाली तरी सावली पाळीपर्यंत पोचेल? आणि ऐवज सापडल्यावर मुलांनी काय करावे? दागिने घरी नेऊन आजीला दाखवावेत, असा शेवट मनात होता, पण तो कायद्यात बसतो का?

शंकुछाया (उज्जैन)

विहीर दीपमाळेच्या ठीक उत्तरेस ठेवावी, आणि बुंध्याच्या मध्यापासून पाळीची जवळची कड साडेचार हातांवर असावी. रामनवमी कितीही उशिरा आली, तरी वीस हातांच्या दीपमाळेची मध्यान्हीची सावली पाच हातांच्या खाली येत नाही, त्यामुळे ती पाळीवर पडणारच. आणि तिथी लवकर आली तर टोक विहिरीच्या तोंडात उतरेल, पण रेषा पाळीला त्याच जागी ओलांडेल. बाराच्या ठोक्याला केलेली खूण या अंतरावर सव्वा हात पश्चिमेला पडेल. पायऱ्यांचे दगड एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर ठेवले, तर मुलांची चूक नेमकी एका पायरीची होईल. दीपमाळेचा कळस पुढे कधी पडला किंवा नवा बसविला, असे मात्र कथेत कोठेही येऊ देऊ नका. उंची बदलली तर दिशा बदलत नाही, परंतु पत्र लिहिणाऱ्या वाचकांना निमित्त मिळते.

तिठ्यावरचा वकील (इंदूर)

शेवटाबद्दल लिहितो. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास तो सापडविणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविला पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. दहा रुपयांची मर्यादाही तीच राहिली आहे, त्यामुळे कथेतील नथीचा एक मोतीसुद्धा तीत बसेल. ऐवजावर कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही आणि सरकारने तो स्वतःकडे घेतला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश सापडविणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. न कळविता घरी नेला, तर हा वाटा जातोच, वर शिक्षेची तरतूद आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट जागेची आहे. देऊळ संरक्षित स्मारकाच्या हद्दीत दाखवू नये, कारण १९५८ च्या कायद्याने तेथे परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी व त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत निर्बंध आहेत. किल्ल्याचा पायथा म्हणताना देऊळ तटापासून पुरेसे लांब, कुटुंबाच्या स्वतःच्या जमिनीत ठेवा. म्हणजे एक चतुर्थांशही घरातच राहील, आणि तीन चतुर्थांशांत शेळ्या राखणाऱ्या मुलीचा वाटा किती, यावर भावंडांचे भांडण लावता येईल.

आजीला दागिने दाखवायचेच असतील, तर ते विहिरीच्या काठावरच दाखवावेत. पंचनामा होईपर्यंत ऐवज तेथून हलवू नये, आणि आजीला खुर्ची टाकून तेथे आणून बसविण्यास कोणत्याही कायद्याची हरकत नाही.